पाच मुक्काम नकोत, दोन पुरेत

वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

पत्र पहिलं

आदरणीय बाई,

उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे. वडिलांनी चाळीस वर्षं भट्टीपुढे काढली, पुढच्या वर्षी त्यांना सत्तर पूर्ण होतील. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात किलिमांजारोचं चित्र होतं, तो डोंगर एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच ते इतकी वर्षं म्हणत आले आहेत. म्हणून केनियाला जायचं ठरवलंय. आम्ही पाच जण: वडील, आई (वय 64), मी, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. वडिलांचा उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. आई माळकरी आहे, चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं चालत नाही.

पुण्याच्या एका कंपनीने दिवाळीच्या सुट्टीतला आठ रात्रींचा बेत दिलाय. नैरोबी 1, अंबोसेली 1, नैवाशा 1, नाकुरू 1, मसाई मारा 2, सांबुरू 1, परत नैरोबी 1. सगळे लॉज अगदी वरच्या दर्जाचे, विमानासह तीस लाखांच्या आत. एवढा खर्च आम्ही आयुष्यात एकदाच करणार. तुम्ही एकदा नजर टाकाल का?

— एक वाचक, बेळगाव

उत्तर

तुमचं पत्र वाचलं आणि खानापुरातला माझा सातवीचा वर्ग आठवला. किलिमांजारोचा धडा आला की मी फळ्यावर त्रिकोण काढून वरच्या टोकाला पांढरा खडू फासायची आणि शेजारी उंची लिहायची, 5,895 मीटर. विषुववृत्ताजवळ बर्फ कसा, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. तुमच्या वडिलांनी तो प्रश्न एवढी वर्षं जपून ठेवलाय. त्यांची सहल नीट झालीच पाहिजे.

आधी ती दिवाळी खोडा. बेत पुण्यात बसून केलेला दिसतोय. तिकडे शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत, आपल्याकडे कर्नाटकात ती दसऱ्याला. दिवाळीत गेलात तर मुलीची शाळा बुडणार, आणि वर नोव्हेंबर म्हणजे केनियातल्या छोट्या पावसाचा महिना. ढग उतरले की किलिमांजारो दिसत नाही. वडिलांना त्यासाठीच न्यायचं आणि डोंगर ढगात, असं व्हायला नको. घरी घट बसत असतील, आईंना नंदादीप सोडून जाववणार नाही, हेही मी धरून चालते. म्हणून घट उठू द्या, सोनं वाटून होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी निघा. मुलीची शाळा थोडी बुडालीच तर वर्गशिक्षिकेला मी चिठ्ठी लिहून देईन. दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला तर माऱ्यात विल्डबीस्ट या हरणाच्या जातीतल्या दांडग्या प्राण्याचे कळप अजून भरपूर असतात. उशिरा आला तर बरेचसे दक्षिणेला, टांझानियातल्या सेरेंगेटीकडे वळलेले असतात. त्यांचं मारा नदी ओलांडणं बघायला मिळेलच, असं कुठलाही लॉजवाला छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता मुक्काम. आठ रात्रींत सात वेळा सामान बांधायचं आणि सोडायचं. नकाशा काढून बघा की. अंबोसेली दक्षिणेला टांझानियाच्या सीमेशी, सांबुरू पार उत्तरेला, मारा नैर्ऋत्येला. माऱ्याहून सांबुरूला रस्त्याने जायचं तर अख्खा दिवस गाडीत जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून निघायचं. तुमच्या वडिलांचा गुडघा त्या रस्त्यावर काय म्हणेल?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. 2016 साली मी, आमचे हे आणि माझी धाकटी बहीण असे पहिल्यांदा गेलो. सात रात्रींत पाच ठिकाणं. माऱ्यात आमची एकच रात्र होती. संध्याकाळी एका काटेरी झुडपाखाली मादी चित्ता आणि तिची तीन पिल्लं दिसली. अंधार पडत आला म्हणून परत फिरलो. आमचा मसाई जमातीचा गाईड म्हणाला, तिचं पोट बघा, खपाटीला गेलंय, उद्या सकाळी ती शिकार करणारच. सकाळी सात वाजता आमची गाडी नाकुरूच्या रस्त्याला लागली होती. त्या सकाळी काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. नाकुरूत आम्ही किती पक्षी पाहिले ते आज मला आठवत नाही, पण ती न पाहिलेली सकाळ आठवते.

2019 मध्ये पुन्हा गेलो तेव्हा माऱ्याला लागून असलेल्या नाबोईशोमध्ये सलग चार रात्री राहिलो. पहिल्या दिवशी सिंहिणींचा कळप दिसला, दुसऱ्या दिवशी तोच कळप, तिसऱ्या दिवशीही तोच. तोवर कुठली म्हातारी, कुठलीचा कान फाटलेला, कुठल्या पिल्लाला कोण पाजते हे आम्हाला कळायला लागलं होतं. चौथ्या सकाळी गाईडने गाडी उभी केली आणि आम्ही दोन तास जागचे हललो नाही. जंगलातली ओळख सवडीनेच होते.

म्हणून माझं सांगणं असं: नैरोबी एक रात्र, अंबोसेली तीन, मारा चार, परतीला नैरोबी एक. नऊ रात्री, म्हणजे तुमच्या बेतापेक्षा एकच जास्त. त्या एकीसाठी फाउंड्री बंद पडणार नाही. जंगलातले मुक्काम दोनच. नैवाशा, नाकुरू, सांबुरू तिन्ही गाळा. सांबुरू गाळताना मला वाईट वाटतं, कारण तिथला बारीक पट्ट्यांचा ग्रेव्ही झेब्रा आणि जाळीदार अंगाचा जिराफ माऱ्यात दिसत नाहीत. त्याहून जास्त वाईट वाटतं ते ओल पेजेटा या राखीव जंगलाचं. केनिया पर्वताच्या पायथ्याशी, जगातले शेवटचे दोन उत्तरी पांढरे गेंडे तिथे आहेत, नाजिन आणि तिची मुलगी फातू. दोघीही माद्या. शेवटचा नर, सुदान, मार्च 2018 मध्ये गेला. तुमच्या मुलीला ते दाखवावं असं फार वाटलं, पण त्यासाठी अंबोसेलीची एक रात्र तरी कापावी लागेल, आणि ती वडिलांची आहे. मुलीला गेंडा नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात दाखवा. 1946 चं उद्यान, शहराला अगदी खेटून, आणि तिथे काळे गेंडे चांगले दिसतात. परतीच्या दिवशी सकाळी होऊन जाईल.

अंबोसेलीत तीन रात्री कशाला? किलिमांजारो आहे टांझानियात, पण समोरून दिसतो केनियातून. दिवस वर आला की त्याच्यावर ढग जमतात आणि दुपारभर तो नाहीसा होतो. उजाडताना आणि मावळतीला पडदा सरकतो. एकाच रात्रीचा मुक्काम म्हणजे एक संध्याकाळ आणि एक सकाळ. तीन रात्रींत तीन संध्याकाळी, तीन सकाळी. बुकिंग करतानाच विचारा, खोलीच्या ओट्यावरून डोंगर दिसतो का? सगळ्या खोल्यांतून दिसत नाही. जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर ते इथे मोजा, तरणतलावाच्या खोलीसाठी नको. वडिलांना पहाटे साडेपाचला खुर्चीवर बसवून हातात चहाचा कप द्या. चहाला तिकडेही चायच म्हणतात.

आणि हत्ती. अंबोसेलीतल्या हत्तींचा अभ्यास 1972 पासून अखंड चालू आहे. एकेका हत्तीला नाव आहे, त्याची आई, आजी कोण हे ठाऊक आहे. आपल्या खानापूर तालुक्यात हत्ती भातात, उसात शिरतो तेव्हा लोक रात्र रात्र जागतात, आणि तो राग मी माहेरच्या शेतात पाहिलेला आहे. तिथल्या मसाईंनाही हत्तीचा त्रास आहेच. लॉजवर कुणी जाणता गाईड असेल तर वडिलांना हे विचारू द्या, त्यांच्या गप्पा रंगतील.

माऱ्याबद्दल एक गोष्ट कंपनीने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. मसाई मारा हे राखीव अभयारण्य, साधारण 1,510 चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई लोकांच्या स्वतःच्या जमिनी आहेत. त्या त्यांनी एकत्र करून लॉजवाल्यांना भाड्याने दिल्यात, त्याला कन्झर्व्हन्सी म्हणतात. ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ, आणि 2010 पासूनची नाबोईशो. जमीन मसाईच्या नावावरच राहते, भाडं त्याच्या हातात पडतं, आणि तंबू किती उभारायचे ते जमिनीच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. म्हणून एका सिंहाभोवती वीस गाड्या दिसत नाहीत. अभयारण्यात गाडी रस्ता सोडून नेता येत नाही, रात्री फिरता येत नाही. कन्झर्व्हन्सीत दोन्ही जमतं. 2020 मध्ये पर्यटक यायचे थांबले तेव्हा हे भाडंही कमी करायची वेळ आली. इतकं ते आपल्यासारख्या पाहुण्यांवर अवलंबून आहे. तुमच्या तीस लाखांतले काही पैसे त्या घरांत जावेत असं मला मनापासून वाटतं. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर माझे विद्यार्थी होते. जंगल राखायचं म्हटलं की आपल्याकडे माणसाने बाहेर पडायचं, एवढाच मार्ग पुढे येतो. तिकडे जमिनीचा मालक जागेवर राहून जंगल राखतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्री झोप लागली नाही.

तेव्हा माऱ्यातल्या चार रात्री कन्झर्व्हन्सीतच मागा, आणि मधला एक दिवस नदीवर जाण्यासाठी अभयारण्यात जा. त्याची फी वेगळी: जुलै ते डिसेंबर मोठ्या माणसाला दिवसाला 200 डॉलर, जानेवारी ते जून 100. 2024 पासूनचा हा दर आहे. कंपनीने तो धरलाय की नाही ते लेखी विचारा.

लॉज "वरच्या दर्जाचे" म्हणजे काय, हेही विचारा. मी बाथटब असलेल्या तंबूतही राहिले आहे आणि बादलीच्या शॉवरखालीही. फरक पाडतो तो गाईड आणि गाडी. तुम्ही पाच जण आहात, तेव्हा गाडी फक्त तुमचीच हवी, हे लिहून घ्या. दुसरे पाहुणे बरोबर असले की मुलगी कंटाळली म्हणून परत फिरता येत नाही आणि आईंना मोकळं व्हायला उतरायचं असलं तर संकोच होतो. मुलीचं वय आत्ताच कळवा, काही कॅम्प लहान मुलांना घेतच नाहीत आणि चालत फिरायला तर बहुतेक ठिकाणी नऊ वर्षांच्या मुलीला नेत नाहीत. वडिलांसाठी भोजनाच्या मंडपाला सगळ्यात जवळचा, पायऱ्या नसलेला तंबू. अशा कॅम्पना कुंपण नसतं, अंधार पडल्यावर पहारेकरी सोबत आल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि त्या वाटेवर गुडघ्याची परीक्षा होते. रात्री पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली असते. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाय लागला की घाबरतील.

थंडीचंही तसंच. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे. उघड्या गाडीत पहाटे जांबोटीची डिसेंबरातली थंडी वाजते. प्रत्येकाला स्वेटर आणि कानटोपी हवीच.

आईंच्या जेवणाची काळजी मात्र करू नका. केनियात गुजराती लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कॅम्पच्या आचाऱ्याला डाळ येते, आणि चपातीला स्वाहिलीत चपातीच म्हणतात. फक्त चातुर्मासाचं महिनाभर आधी लेखी कळवा, कारण सामान नैरोबीहून येतं. कांद्याला तिथे किटुंगू म्हणतात आणि लसणाला किटुंगू सौमू. "बिला किटुंगू" म्हणजे कांद्याशिवाय. आईंना हे दोन शब्द पाठ करू द्या, लसणासाठी "बिला किटुंगू सौमू" वेगळं म्हणायचं. मक्याच्या पिठाचा उगाली नावाचा घट्ट गोळा मिळतो, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी, ती बहुतेक कांदा घालूनच परततात, म्हणून सांगून करून घ्या. बरोबर चिवडा, शेंगदाण्याची चटणी न्या, पण स्टीलच्या डब्यात. 2017 पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे.

सामानाचं नीट ऐका. अंबोसेली आणि माऱ्याला छोट्या विमानाने जा. ती नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सुटतात, मोठं विमानतळ वेगळं. माणशी 15 किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ कापडाची. माझी टणक सूटकेस 2016 मध्ये तिथेच ठेवून घेतली. चार दिवस मी बहिणीच्या साड्यांवर काढले.

कागदपत्रांत सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. तिचं प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची, आणि ती फक्त सरकारने ठरवलेल्या केंद्रांवर मिळते. आम्ही चोर्ला घाटाने गोव्यात उतरून मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात घेतली, आधी वेळ ठरवून. पण साठीच्या पुढच्या माणसांना ही लस सरसकट देत नाहीत. वडील आणि आई दोघेही त्या वयातले, तेव्हा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. बुकिंगचे पैसे भरण्याआधी. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा. 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी लागते, मुलीचीही वेगळी. विम्यात बीपी लपवू नका, आणि एम्रेफच्या फ्लाइंग डॉक्टर्सची सोय त्यात किंवा कॅम्पच्या भाड्यात धरलेली आहे का ते बघा. कॅम्पमधून माणसाला विमानाने नैरोबीच्या दवाखान्यात न्यायचं काम ते करतात.

बेळगावहून मुंबईला एक दिवस आधी पोचा. नैरोबीला थेट विमानाने सहा तास लागतात, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं.

मुक्काम कमी झाल्याने खर्च फार कमी होणार नाही. चांगल्या कन्झर्व्हन्सीत एका माणसाचे रात्रीचे सहाशे-आठशे डॉलर सहज होतात, त्याहून वरही. पण बेत पुन्हा मांडायला लावा आणि नवा कागद मला पाठवा. मी बघेन.

पत्र दुसरं

बाई, मी निपाणीची, निवृत्त परिचारिका, वय 61. एकटीच आहे. परदेश नको, पण आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, आता एकदा जंगलात चांगल्या ठिकाणी पाच-सहा रात्री राहायचंय. पैशाची ओढाताण नाही. आपल्याच राज्यात कुठे जाऊ?

— एक वाचक, निपाणी

उत्तर

ताई, दोन ठिकाणं. आधी गणेशगुडी, दांडेलीच्या जवळ, दोन रात्री. तिथलं ओल्ड मॅगझिन हाऊस म्हणजे सुपा धरण बांधताना सुरुंगाची दारू ठेवायची जागा. आता राज्य सरकारच्या जंगल लॉजेसचा मुक्काम आहे. चैनीचं नाही, खोल्या साध्या. पण अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवलेली आहेत आणि तुम्ही खुर्चीत बसलात की पक्षीच तुमच्याकडे येतात. रात्रपाळीने थकलेल्या माणसाला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

मग कबिनी, तीन-चार रात्री. बेळगावहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे, पुढे टॅक्सी. कारापूरला म्हैसूरच्या महाराजांचा शिकारीचा बंगला होता, तिथे सरकारचं कबिनी रिव्हर लॉज आहे. राहणं, जेवण, सफारी सगळं एकाच भाड्यात. खासगी, बरेच महागडे लॉजही कबिनी धरणाच्या त्याच पाण्याकाठी आहेत, आणि पैशाची ओढाताण नाही म्हणता तर एखादी रात्र तिथे घालवा. सफारीचं जंगल मात्र सगळ्यांचं एकच, नागरहोळे.

एक खात्री करून घ्या. नोव्हेंबर 2025 मध्ये वाघाने माणसं मारल्यावर नागरहोळे आणि बंडीपूरच्या सफारी सरकारने थांबवल्या होत्या. म्हणून पैसे भरण्याआधी सफारी चालू आहे का आणि बंद झाली तर पैसे परत मिळतात का, दोन्ही विचारा.

मार्च ते मे या काळात जा. ऊन असतं, पण धरणाचं पाणी मागे हटून गवत उघडं पडतं आणि शेकड्यांनी हत्ती काठावर उतरतात. एकटीला दोघांचं भाडं मागतील, तेव्हा आठवड्याच्या मधल्या रात्री घ्या आणि सवलतीचं विचारा. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या, त्याहून मोठी हातात थरथरते.